इंगाचे तळवे

चर्चमधून घरी आलं की माझी बहीण लव्हॉन आणि तिचा नवरा ड्वेन कोंबडीचे पाय धुतात. बायबलात पाय धुण्याचा प्रसंग आहे, पण त्यात कोंबडी नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल, त्यावर टबात कोमट पाणी, पाण्यात मूठभर एप्सम सॉल्ट, आणि त्यात इंगा नावाची लठ्ठ तांबडी कोंबडी उभी. ड्वेन कपाळाला दिवा बांधतो. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाताना बांधतो तोच. खिडकीतून लख्ख ऊन येत असतं आणि हा माणूस खाणीत उतरल्यासारखा कोंबडीच्या तळव्यात डोकावत असतो.

तळव्यावरची काळी खपली भिजून मऊ झाली की तो चिमट्याने ती उचलतो. खालून पुवाचा पिवळा, वाळलेला खडा निघतो. लव्हॉन आमच्या नॉर्वेजियन वळणाने "उफ दा!" म्हणून तोंड फिरवते. मग जंतुनाशक, मलम, गॉज, आणि वरून ती स्वतःलाच चिकटणारी निळी पट्टी. शेवटी इंगा निळे बूट घातलेल्या म्हातारीसारखी टेबलावरून खाली उतरते, आणि आम्ही तिघं हात धुऊन त्याच टेबलावर ओव्हनमधून काढलेला बटाटा-खिम्याचा हॉटडिश खातो. मी आपली दुसऱ्या टोकाला बसते.

काम वाईट करतात असं नाही. ड्वेनचा हात हलका आहे, जन्मभर हायस्कुलात पोरांना सुतारकाम शिकवलंय त्याने. पण जखम जरा भरली की पाय पुन्हा फुटतो, कारण पट्टी बांधून झाल्यावर इंगाला परत त्याच खुराड्यात नेऊन सोडतात. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

खुराडं ड्वेननेच बांधलं. खिडक्या आहेत, खिडक्यांना लव्हॉनने शिवलेले पडदे आहेत. आणि आत, माझ्या छातीइतक्या उंचीवर, कोंबड्यांना बसायला दांड्या म्हणून क्रेगच्या हॉकीच्या काठ्या ठोकल्या आहेत. क्रेग त्यांचा मुलगा. तो वारलेला वगैरे नाही. ॲरिझोनात पोहण्याचे तलाव विकतो आणि तब्येतीने ठणठणीत आहे. शाळेत असताना त्याचा संघ एकदा राज्याच्या स्पर्धेला गेला होता, तेव्हापासून या घरात त्या काठ्यांना पाय लावायची कुणाची हिंमत नाही. कोंबड्यांना तेवढी परवानगी.

कोंबडीला झोपायला रुंद, सपाट, बुटकी फळी लागते. हॉकीची काठी अरुंद, कडा टोचणाऱ्या, वर पॉलिश. बिचारी इंगा झोपेतसुद्धा ती निसरडी काठी घट्ट धरून बसते आणि सकाळी तिथून दाणकन खडीवर उडी मारते. खडीही ड्वेननेच हौसेने आणून पसरली, चिखल नको म्हणून. तळवे फुटणार नाहीत तर काय होईल?

हे खुराडं मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी सगळं बघितलं आणि म्हटलं, "वेगळंच आहे हं."

मिनेसोटात यापेक्षा वाईट बोलता येत नाही. आमच्याकडे घराला आग लागली तरी शेजारी म्हणतो, आज जरा ऊब आहे. ड्वेनचा चेहरा पडला. लव्हॉनने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"आर्डिस, काठ्यांबद्दल एक शब्द बोलू नकोस. ड्वेनचा जीव आहे त्यांच्यावर."

"अगं, पण कोंबड्या लंगड्या होतील."

"झाल्या तर त्यांचे पाय बघू. ड्वेनचं मन दुखावलं तर त्याला कुठली पट्टी बांधू?"

मी गप्प बसले. माझं घर शेजारीच, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, रविवारचं जेवण यांच्याकडे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या गावात या दोघी बहिणी एकाच घरात सुखाने नांदतात.

या शरदात मात्र इंगाचा डावा पाय घोट्याच्याही वर सुजला. हात लावला तर गरम लागायचा. ती पाय टेकेना, दाणे टाकले तरी जागची हलेना. ड्वेनने कपाळावरचा दिवा काढून टेबलावर ठेवला.

"सूज हाडाला लागली तर काही खरं नाही," तो म्हणाला. "उगाच तिचे हाल. शनिवारपर्यंत बघू. नाहीतर मी कुऱ्हाडीला धार लावून ठेवतो."

"तुला योग्य वाटेल तसं," लव्हॉन म्हणाली, आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

लव्हॉनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात इंगा पिल्लू होती. न्हाणीघरातल्या खोक्यात, दिव्याच्या उबेत वाढली. लव्हॉनला खुर्चीतून उठता येत नव्हतं, तर ही तिच्या मांडीवर जाऊन झोपायची. क्रेगचा फोन नाताळला आला. इंगा रोज येत होती. आणि आता तिची मान कापायची गोष्ट निघाली तर माझी बहीण नळाच्या आवाजात रडत होती, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. नवरा पाठमोरा उभा राहून ऐकू न आल्याचं नाटक करत होता. मला दोघांचाही असा संताप आला!

"आणा ती इकडे," मी म्हटलं. "माझ्या गॅरेजमध्ये ठेवते."

"नको गं, तुला कशाला त्रास," लव्हॉन म्हणाली.

"त्रास कसला?"

"नको, खरंच नको."

आमच्याकडे काहीही तीनदा नको म्हटल्याशिवाय घेत नाहीत. कॉफीसुद्धा. समोरच्यानेही तीनदा आग्रह करायचा असतो, ही रीत. तिसरा नको यायच्या आत मी कोंबडी काखोटीला मारून दाराबाहेर पडले होते.

गॅरेजमध्ये जाड पेंढा अंथरला. गुरांच्या डॉक्टरकडून औषध आणलं. धुणं, पट्टी, मलम, सगळं त्यांच्यासारखंच केलं. फरक एवढाच की काठी नाही, उडी नाही, खडी नाही. इंगा पेंढ्यावर बसून राहायची आणि माझ्याकडे तुच्छतेने बघायची. आमचं जमलं. सूज उतरायला लागली, आणि शनिवारी ड्वेन आला तेव्हा ती दोन्ही पायांवर उभी राहून माझ्या बुटाची नाडी ओढत होती.

"बरी दिसते," ड्वेन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण ते त्याने गॅरेजच्या छताकडे बघून निभावलं.

"दिसते ना?"

"मग घरी नेतो."

"त्या काठ्यांवर बसवायला?"

त्याने वाकून इंगाला उचललं. मी म्हटलं, "ड्वेन, तिचे पाय त्या काठ्यांनी फुटतात. जन्मभर सुतारकाम शिकवलंस ना रे? एवढं कळत नाही?"

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. पण लव्हॉनचा जीव आहे त्या काठ्यांवर. क्रेगच्या ना. मी काढल्या तर तिला काय वाटेल?"

त्याच्या डोक्यात पाण्याची बादली घालावी असं मला वाटलं. तसं न करता त्याला बाहीला धरून मी त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं. कोंबडी त्याच्या काखेत.

"लव्हॉन, त्या काठ्या कुणाला हव्यात?"

"ड्वेनला."

"ड्वेन, कुणाला हव्यात?"

"लव्हॉनला."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता सुटलं.

"तुला चालत असेल तर काढू," ड्वेन म्हणाला.

"मला काय, तुझी हरकत नसेल तर."

"माझी कशाला असेल? पण तुला खरंच..."

"नाही, आधी तू सांग."

"नाही, तू."

मग लव्हॉनने माझ्याकडे वळून विचारलं, "कॉफी घेणार, आर्डिस?"

मी ड्वेनच्या कामाच्या खोलीत गेले. भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचा आकार रंगवलेला आहे, म्हणजे काय कुठे टांगायचं ते आंधळ्यालाही कळावं. करवतीच्या जागी करवत होती. ती घेऊन खुराड्यात शिरले आणि राज्याच्या स्पर्धेला जाऊन आलेल्या त्या काठ्या एकेक करून कापल्या. खाली, गुडघ्याच्याही खाली, एक रुंद फळी ठोकली. दोघं खिडकीतून बघत होते. अडवायला कुणी आलं नाही, मदतीलाही कुणी आलं नाही.

तुकडे आणून मी त्यांच्या टेबलावर टाकले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तोंडाला खीळ घालायची शिकवण मला कधी नीट लागलीच नाही.

"एका मुक्या जिवाचे पाय कोरत बसलात," मी म्हटलं, "पण एकमेकांशी एक सरळ वाक्य बोलता आलं नाही तुम्हाला. आणि क्रेग येत नाही म्हणून काठ्या कुरवाळता! त्याला कधी 'ये' म्हणालात का? स्पष्ट, 'ये' असं?"

लव्हॉनने एक तुकडा उचलला, त्यावरचा भुसा पदराने पुसावा तसा ॲप्रनने पुसला आणि परत ठेवला.

"वेगळंच आहे हं," ती म्हणाली.

माझ्याकडे बघून म्हणाली. बहिणीने बहिणीला. मला ते लागलं, चांगलंच लागलं.

इंगाच्या पायांना त्यानंतर पट्टी लागली नाही. रविवारी लव्हॉनचा फोन आला, अगदी गोड आवाजात. "तुला जमत असेल तर जेवायला ये. पण तुझी काही कामं असतील, नाही का?" आहेत, म्हटलं. पुढच्या रविवारीही मला कामं होती.

थँक्सगिव्हिंगला त्यांच्या अंगणात ॲरिझोनाच्या नंबरची गाडी लागली. क्रेगचं टक्कल पडलंय, मी पडद्याआडून बघितलं. म्हणजे 'ये' म्हणाले तर. टर्कीचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता, आणि मी ओव्हनमध्ये एकटीपुरता हॉटडिश ठेवला होता.

दुपारी दार वाजलं. लव्हॉन उभी होती, हातात फॉइलने झाकलेलं ताट. मागोमाग इंगा हिरवळ तुडवत आलेली, अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देत.

"म्हटलं, तुला थोडं द्यावं," लव्हॉन म्हणाली. "तुला गर्दी आवडत नाही ना."

ताट मला हवं होतं, ताट आणणारीही. पण तोंडातून तेच आलं जे आईने दोघींना शिकवलं होतं.

"नको गं, तुला कशाला त्रास."

मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभी राहिले.

"बरं," लव्हॉन म्हणाली.

आणि ती ताट घेऊन वळली. थांब, एवढंच म्हणायचं होतं मला. ती हिरवळीवरून तिच्या दारापर्यंत गेली, आणि इंगा तिच्या मागे तुरुतुरु चालत गेली.