चौथा धबधबा

कैवल्य रंगात आला होता, आणि तो असा रंगात आला की हल्ली देवयानीच्या डोक्यात तिडीक जायची. रविवारची दुपार होती. मोहालीहून कैवल्यचा मावसभाऊ निमिष आणि त्याची बायको अपेक्षा खास बालीचं विचारायला आले होते. पुढच्या शनिवारी त्यांचं विमान. त्यांची दहा महिन्यांची लेक अपेक्षाच्या मांडीवर बसून चमचा चघळत होती.

"टॅक्सीवाल्यांच्या नादी लागू नका," कैवल्य सांगत होता. "स्कूटर भाड्यानं घ्यायची, पहाटे निघायचं, चार धबधबे करून संध्याकाळी परत. इथे सेक्टर सतराच्या हॉटेलात एकदा जेवलो तर जे बिल येतं ना, तेवढ्यात तिघांचा अख्खा दिवस. पक्का."

निमिष भराभर मोबाइलवर टिपून घेत होता. देवयानी साबुदाणावड्यांची दुसरी खेप घेऊन बाहेर आली, ती तिथेच उभी राहिली. चार वर्षांचा राजस पाहुण्यांच्या पायांशी गाड्या फिरवत होता. त्यानं मान वर केली की हनुवटीखालचा गुलाबी वण दिसायचा. बालीला हॉटेलच्या बाथरूममध्ये पडला, असं कैवल्यनं सगळ्यांना सांगितलं होतं. नवऱ्याची शोभा व्हायला नको म्हणून दोन महिने तीही त्याचीच री ओढत आली होती.

पहिला धबधबा सांगून झाला, दुसरा झाला. तिसऱ्याशी आल्यावर तिनं मुद्दाम म्हटलं, तिथल्या रस्त्याचंही सांग. रस्ता मस्तच आहे, थोडा चढउतार, एवढं म्हणून तो पुढे सरकला. चौथा तर कळस होता म्हणे. तीन बाजूंनी पाणी कोसळतं, मध्ये उभं राहिलं की नुसते तुषार.

देवयानी ऐकतच राहिली. चौथा धबधबा त्यांनी पाहिलाच नव्हता. हे तुषार कुणाच्या तरी व्हिडिओतले होते.

तिसऱ्याहून निघाल्यावर उतारावरच्या शेवाळात स्कूटर घसरली होती. राजस पुढे, बापाच्या गुडघ्यांमध्ये उभा. त्याच्या मापाचं हेल्मेट दुकानात नव्हतं. देवयानी टॅक्सी करू या म्हणत होती, तर हा म्हणाला, इथे कोण बघतंय. चौथ्या धबधब्याच्या वेळी ती एका छोट्या दवाखान्यात राजसचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती.

आणि हा माणूस इस्पितळात अपघात विभागात डॉक्टर होता. पंधरा दिवसांपूर्वी पिंजौरहून एक बाप स्कूटरवरून पडलेल्या पोराला घेऊन आला होता. तसंच पुढे उभं केलेलं, तसंच बिनहेल्मेटचं. त्या बापाला कसं झापलं, हे कैवल्यनं घरी येऊन बूटसुद्धा न काढता सांगितलं होतं. मग जेवून झोपला होता.

"लेकीला कॅरियरमध्ये पोटाशी बांधायचं," तो आता अपेक्षाला सांगत होता. "वारा लागला की पोरं छान झोपतात."

देवयानीनं थाळी टेबलावर ठेवली. "चौथा धबधबा आम्ही पाहिलेला नाही."

कैवल्य हसला. "अगं, धुकं होतं म्हणून तुला आठवत नाही."

"धुकं नव्हतं. आपण दवाखान्यात होतो. राजसला टाके घालत होते." आणि मग तिनं शेवाळापासून टाक्यांपर्यंत सगळं सांगितलं. आवाज न चढवता.

निमिषचा अंगठा मोबाइलवर थांबला. "दादा?"

"यार, स्कूटर किरकोळ घसरली. हिला जिथेतिथे संकटच दिसतं."

"पिंजौरच्या त्या माणसाला काय म्हणालास, ते सांग ह्यांना."

"देवयानी, पाहुण्यांसमोर हे काय..."

"त्यांच्यासमोरच सांग. नाहीतर मी सांगते, मला पाठ आहे." मग ती अपेक्षाकडे वळली. "'पैसे वाचवलेस ना? आता पोर वाचतंय का बघू.' असं म्हणाला होता हा त्याला. सगळ्या वॉर्डासमोर."

अपेक्षानं लेकीला जवळ ओढलं.

"निमिष, गाडी बुक कर," अपेक्षा म्हणाली. "नाही परवडलं तर एकच धबधबा बघू."

पाहुणे चहाला थांबले नाहीत. दारातून निघताना अपेक्षानं देवयानीचा हात नुसता दाबला. कैवल्यनं दार लावलं आणि म्हणाला, "चारचौघांत माझी लाज काढलीस."

"हो."

ती थाळ्या उचलायला लागली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे राग उतरला असं त्याला वाटलं असावं. थोड्या वेळानं तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "झालं ना आता?"

"नाही झालं," ती म्हणाली. "तो बाप निदान तुझ्यासमोर मान खाली घालून उभा होता."