तेलाचा सांधा

दसऱ्याला हार घालून लाल गाडी फाटकाबाहेर काढली आणि तिचं पुढचं डावं चाक फाकून आडवं पडलं. मखमलाबादला हसायला माणसं कधी कमी पडत नाहीत. गाडी जॅकवर उचलून शेडात ओढायला मात्र संतोष आणि त्याची लेक सृष्टी, दोघंच.

गाडी विलायती, दोन सीटांची, बिनटपाची. संतोषचे वडील फकिरानाना झेंडू पिकवायचे. देवळालीहून बदली झालेल्या एका लष्करी साहेबाकडून त्यांनी ती घेतली, आणि शर्यतीत पळायची ती गाडी झेंडूच्या पाट्या वाहत पंचवटीच्या बाजारात जाऊ लागली. लोक नानांना येडं म्हणत. "येड्याला वाट तर देत्यात ना," नाना म्हणत.

सृष्टी चेन्नईला गाड्यांच्या सस्पेन्शनचंच काम करते. ती गाडीखाली शिरली आणि बोटांवर काळा चिकट गोळा घेऊन बाहेर आली.

"पप्पा, ह्या सांध्यात ग्रीस कोणी भरलं?"

"मी. नाना गेल्यापासून दर दसऱ्याला. एक वर्ष चुकवलं नाय."

"इथे ग्रीस नाही, तेल लागतं. चाक वळवलं की हा उभा दांडा पितळी सांध्यातल्या आट्यांवर फिरतो. ग्रीस तिथवर पोचतच नाही. कोरडा फिरून फिरून तुटला."

संतोषला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रॅक्टरची ग्रीसगन घेऊन इतकी वर्षं त्याने नानांची आठवण जपली, आणि त्या जपण्यानेच गाडीचा पाय मोडला. नाना तेल घालायचे ते त्याने पाहिलं नव्हतं असं नाही, पण लक्ष कुठे होतं? तेव्हा तो जवळच, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता, राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये. महिना भरला की नानांचा निरोप यायचा, गाडीचं करायचंय, बॅटरीचा उजेड धरायला ये. नाना गाडीखाली, हा बाहेर धुमसत. तासाभराच्या कामाला म्हातारा अख्खा दिवस लावायचा. आधी जेवण, मग मळ्यात चक्कर, मग कुठल्या कुठल्या गप्पा. गावात उजेड धरायला दुसरं कुणी मिळत नाही का, म्हणून हा घरी येऊन बायकोपाशी चडफडायचा.

"नानांनी लय खस्ता खाल्ल्या हिच्यासाठी," तो म्हणाला. "दर महिन्याला खाली शिरायचे."

"दर महिन्याला?" सृष्टी हसली. "वर्षातून दोनदा भरपूर होतं. त्यांना माहीत नसेल."

नानांना माहीत होतं. साहेबाकडून त्यांनी गाडीचं सगळं खोदून खोदून विचारून घेतलं होतं. संतोष होता तिथेच उकिडवा बसला. तेलाचं निमित्त करून बाप लेकाला बोलावत होता, आणि लेक घड्याळ बघत होता. आता रडून काय उपयोग, तरी त्याचे डोळे भरून आले.

सृष्टीला वाटलं, गाडीसाठीच.

"वाईट वाटून घेऊ नका. पुढचं सगळं बदलून टाकू. कडक स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि ह्या सांध्याऐवजी सीलबंद बॉल जॉइंट. त्याला तेल नको की काही नको. तुम्हाला कोणाची गरजच लागणार नाही."

ती मायेनेच बोलली होती. आई गेल्यापासून पप्पा घरात एकटे, त्यात गुडघे दुखरे. ते कसे गाडीखाली शिरणार? पण कोणाची गरज लागणार नाही हे ऐकून संतोष गुडघे धरत उठला.

"स्प्रिंगा बदल, शॉकअप बदल. सांधा तेलाचाच बसव."

"अहो, पण मग तेल घालणार कोण?"

नानांनी काहीतरी निमित्त काढलं असतं. पण निमित्त ज्याच्यासाठी काढावं त्याला ते कळत नाही, हे संतोष आत्ताच शिकला होता.

"तू," तो म्हणाला. "मला एकट्याला करमत नाय, सृष्टी. तेल घालायला येत जा."

सृष्टीने पाना पुसून खाली ठेवला. चेन्नई काही एकलहरे नव्हतं.

"दोनदा येईन वर्षातून," ती हळूच म्हणाली. "दोनदा पुरतं, पप्पा."

"गाडीला पुरतं," संतोष म्हणाला.