टेंबे भावजींची जागा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका इमारतीच्या दाराशी, कडुनिंबाच्या सावलीत माझा मुक्काम असतो. जुना म्हणजे सहाच वर्षांचा. पण इथल्या उन्हात सहा उन्हाळे काढून बघा, म्हणजे तुम्हीही स्वतःला जुने म्हणायला लागाल.

माझा जन्म इथल्याच अल क्वोज भागातल्या एका गोदामात झाला. तिथे यंत्रांचे सुटे भाग लाकडी पेट्यांतून येत आणि पेट्या रिकाम्या झाल्या की फेकल्या जात. गोदामाचे मॅनेजर सूर्यकांतराव पडले पुण्याचे. चांगली फळी वाया गेलेली त्यांना बघवत नसे. त्यांनी मोईन सुताराला गाठलं. "मोईनभाई, एक मजबूत बेंच बना दो. मॅडम के घुटने में बहोत दर्द रहता है."

मोईनने मन लावून मला घडवलं. रंधा मारला, साडी अडकू नये म्हणून कडा घासल्या, वॉर्निशचे दोन हात दिले. एका फळीवर पेटीचा 'फ्रॅजाइल' हा छाप मात्र तसाच राहिला. "रहने दो," मोईन हसून म्हणाला, "लोग संभालके बैठेंगे." असा मी दणकट असूनही नाजूक म्हणून या इमारतीत आलो. रोज संध्याकाळी सूर्यकांतरावांच्या पत्नी प्रमिलाबाई माझ्यावर बसून गुडघा चोळत, भाजी निवडत, आल्यागेल्याची चौकशी करत.

एका जानेवारीत इमारतीचे वॉचमन विजयकुमार यांच्या टेबलावर एक पार्सल आलं. त्यावर नाव होतं 'ए. टेंबे'. प्रमिलाबाईंचा चेहरा उजळला. इमारतीत मराठी शेजार! संक्रांतीचे दिवस होते. त्या तिळगुळाचा डबा घेऊन तडक वर गेल्या. 'मूळचे कुठले तुम्ही?' हा प्रश्नही त्यांनी लिफ्टमध्येच तयार करून ठेवला होता. दार उघडलं, तर समोर सहा फूट उंचीचे, पांढऱ्या दाढीचे आफ्रिकन गृहस्थ!

"टेंबे इथेच राहतात ना?" प्रमिलाबाईंनी घाईत मराठीतच विचारलं.

त्या गृहस्थांना त्यातला एकच शब्द कळला. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "टेंबे. येस, मॅडम."

आता आणलेला डबा परत कसा न्यायचा? प्रमिलाबाईंनी तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला आणि 'गोड बोला'चा अर्थ इंग्रजीत समजावून सांगितला. टेंबे हसत म्हणाले, "हे आमच्या पार्लमेंटला पोत्यांनी पाठवायला हवं." दुसऱ्या संध्याकाळी रिकामा डबा द्यायला ते खाली आले आणि माझ्यावर टेकले. माझी डावी बाजू तेव्हापासून त्यांची झाली. प्रमिलाबाई त्यांना टेंबे भावजी म्हणू लागल्या, आणि ते त्यांना वहिनी.

त्यांची कहाणी मी थोडी थोडी ऐकली. त्यांच्या देशात ते शिक्षणमंत्री होते. गावोगावच्या शाळांत बाक पोहोचले, असं त्यांच्या खात्याच्या कागदांवर लिहिलेलं होतं. एकदा ते न कळवता एका शाळेत गेले, तर मुलं जमिनीवर बसून गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होती. पुढच्या बैठकीत त्यांनी एवढंच विचारलं, "बाक कुठे आहेत?" बाक काही सापडले नाहीत, टेंबे यांचं मंत्रिपद मात्र गेलं. ते विरोधी पक्षात गेले, सभा घेऊ लागले, तसे त्यांच्यावर खटल्यांमागून खटले भरले गेले. अखेर इथल्या हॉटेलात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, टेसाने, त्यांना दुबईला आणलं.

हे ऐकून सूर्यकांतरावांनी मांडीवर थाप मारली. "साहेब, आमच्याकडे सत्ता म्हणजे खुर्ची. आणि अपोझिशनवाले बसतात विरोधी बाकावर! म्हणजे तुम्ही एकदम करेक्ट जागी आलात." टेंबे भावजी इतके हसले की माझे पायही डुगडुगले.

पण ते हसू फार टिकत नसे. देशात निवडणूक जवळ आली होती. पक्षाचे लोक फोन करून बोलावत होते. टेसा म्हणे, "पापा, खलास! एअरपोर्टवरच पकडतील तुम्हाला." भावजी मान खाली घालत. "माझं आता ऐकणार तरी कोण, वहिनी?" असं म्हणून ते माझ्या फळीवर बोट फिरवत राहत. मला फार वाईट वाटे.

मार्च महिन्यात माझ्यावरच संकट आलं. देखभालीच्या ऑफिसने माझ्या पाठीवर नोटीस चिकटवली: परवानगी नसलेलं सामान सात दिवसांत हटवा. विजयकुमार खजील होऊन म्हणाले, "मैं क्या करूँ, मॅडम? ऊपर से ऑर्डर है."

टेंबे भावजींनी नोटीस दोनदा वाचली आणि वर गेले. खाली आले ते सूट घालून. किती दिवसांनी त्यांची मान ताठ झालेली मी पाहिली! त्यांनी सुरेख अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी दारोदार निघाले. प्रमिलाबाई गुडघ्याला पट्टा बांधून बरोबर होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या जैनबबाई म्हणाल्या, "बेंच आहे म्हणून तर मुलं खाली दंगा करतात. मी नाही सही करणार." भावजींनी वाद घातला नाही. अर्धा तास त्यांची तक्रार ऐकून घेतली, आणि आठनंतर तिथे खेळायचं नाही असं मुलांकडून कबूल करून घेतलं. जैनबबाईंनी सही तर केलीच, वर खजूर दिले. चव्वेचाळीस सह्या झाल्या. ऑफिसने मला राहू दिलं. अट एकच, दरवर्षी वॉर्निश लावायचं.

त्या संध्याकाळी भावजी माझ्यावर बसले आणि म्हणाले, "एका बाकासाठी मी एवढी दारं वाजवली. तिथे तर हजारो बाक बाकी आहेत. टेसा, माझं तिकीट काढ." टेसा रडली, भांडली, आणि मग तिने तिकीट काढलं.

प्रमिलाबाईंनी संक्रांत नसताना तिळाचे लाडू केले. "तिथल्या लोकांशी गोड बोला हो, भावजी."

"गोड बोलेन, वहिनी. पण विचारेन तेच."

ते गेले, आणि फोन आला नाही. टेसाला एवढंच कळलं की त्यांना विमानतळावरून कुठेतरी नेलं आहे. प्रमिलाबाई खाली आल्या, पर्समधून पांढरा रुमाल काढला आणि माझ्या डाव्या बाजूला पसरला. गावाकडे एसटीत जागा धरतात ना, अगदी तसा. विजयकुमार नकळत तिथे बसायला गेले, तर त्या एकदम म्हणाल्या, "उधर नहीं! रुमाल रखा है ना?" तीन दिवस त्या रुमालाशेजारी बसून होत्या. भाजी निवडायला घेत, पण हात चालत नसे.

चौथ्या दिवशी फोन आला. भावजी सुटले होते. पुढे निवडणूक झाली. त्यांचा पक्ष हरला, पण ते स्वतः जिंकले. सूर्यकांतराव स्पीकरवर ओरडले, "साहेब, काँग्रॅच्युलेशन्स! तुमची सीट आली!"

"ती आली," पलीकडून आवाज आला. "इथे आता अपोझिशनच्या बाकावर बसणार. पण वहिनी, माझी तिथली सीट? ती आहे ना?"

प्रमिलाबाईंनी रुमाल उचलला, झटकला आणि पुन्हा नीट पसरला. "आहे हो, भावजी," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला कर्कटकाने खरवडू नका. उन्हाळ्याआधी वॉर्निशचा एक हात द्या. मी फक्त नावाला फ्रॅजाइल आहे, पुष्कळ वर्षं टिकेन. आणि एखादा माणूस भल्या कामासाठी उठून लांब गेला असेल, तर त्याच्या जागेवर रुमाल टाकून ठेवा.