सव्वा महिन्यासाठी ठेवलेली बॅट

मी बोलतेय ती कपाटाच्या वरच्या कप्प्यातून. आवाज जरा दबका येईल, कारण माझ्या आवरणाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली आहे आणि वर दोन स्वेटर ठेवलेत. मी बॅट आहे. क्रिकेटची नव्हे, नाहीतर तुम्ही लगेच षटकारांच्या गोष्टी सुरू कराल. मी पिकलबॉलची बॅट. पोळपाटाला मूठ लावावी, एवढाच माझा आकार. शहरात मला पॅडल म्हणतात, पण सोमेश्वरनगरला आल्यापासून मी बॅटच झाले आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आम्ही जन्मतो जोडीने. एका खोक्यात दोन बॅटी आणि भोकाभोकांचे चार पिवळे चेंडू. माझ्या जोडीदारणीची मूठ निळी, माझी लाल. दुकानात कुणी एकटीला मागितलं तर दुकानदार म्हणायचा, "सेट फोडता येत नाही." मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

अडीच वर्षांपूर्वी दिवाळीत ऋषिराजने आम्हाला पुण्याहून आणलं. त्याचे वडील सावळाराम, गावाचे आबा, साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं पाळीप्रमाणे उठलेला-झोपलेला माणूस, आता दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत होता. ऋषिराज म्हणाला, "आबा, आई आणि तुम्ही खेळा. गुडघ्याला झेपतं." आबांनी निळी उचलली. उरले मी. मला उचललं कुशाबाईंनी, पीठ लागलेल्या हाताने.

हायस्कुलाच्या खेळाच्या श्रेया मॅडमनी शाळेच्या सिमेंटच्या पटांगणावर फक्कीने रेघा मारून दिल्या. जाळीजवळच्या सात फुटांच्या पट्ट्याला या खेळात किचन म्हणतात. त्या पट्ट्यात उभं राहून चेंडू अधांतरी मारायचा नाही, टप्पा पडू द्यायचा, असा नियम. कुशाबाई पदर खोचून म्हणाल्या, "म्हणजे किचनमधी यांनाबी घाई करता येत न्हाय? लई बरं झालं." तेव्हा आबा हसले ते मी पहिल्यांदा पाहिलं.

आबा धसमुसळे. चेंडू दिसला की हाणायचा. कुशाबाईंचं तसं नव्हतं. मला सैलसर धरून त्या चेंडू जाळीपलीकडे नुसता ठेवायच्या. पलीकडची तरणी पोरं धावून धावून घामाघूम व्हायची. त्या हाताला लसणाचा वास यायचा. चाळीस-पन्नास दिवस मी त्या हातात होते, आणि खरं सांगते, माझं आयुष्य म्हणावं असं तेवढंच आहे.

मग संक्रांतीनंतर सून बाळंत झाली. सुनेला आई नाही, म्हणून कुशाबाई दोन पिशव्या भरून पुण्याला निघाल्या. निघताना मला ओल्या फडक्याने पुसलं, आवरणात घातलं आणि एस.टी.च्या गडबडीत आबांना म्हणाल्या, "जपून ठेवा. कुणाला देऊ नका. सव्वा महिन्यात येतीच की मी."

सव्वा महिना गेला. मग सुनेची रजा संपली. मग बाळाला पाळणाघर मानवेना. मग दात, मग ताप, मग रांगणं. दर वेळी काही ना काही खरंच असायचं, खोटं कधीच नसायचं, म्हणून तर कुणावर रागावताही येईना. आबा संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ लावायचे. पडद्यावर नातीचं तोंड मावायचं नाही इतकं जवळ, आणि मागे कुशाबाईंचं नुसतं कोपर. त्या कोपराला आबा विचारायचे, "जेवलीस का?" एवढंच बोलणं.

आता माणसांची एक सवय सांगते. बाई बोलता बोलता एक वाक्य टाकून जाते, आणि पुरुष ते शपथेसारखं धरून बसतो. श्रेया मॅडम एकदा स्वतः दारात आल्या. "आबा, ती दुसरी बॅट द्या की. मी खेळते तुमच्याबरोबर रोज सकाळी."

आबा म्हणाले, "ती तिची हाय."

"पण त्या येईपर्यंत?"

"येईल ती. सव्वा महिन्याचं तर काम हाय."

तेव्हा त्या सव्वा महिन्याला चौदा महिने झाले होते. मॅडम चप्पल घालून गेल्या. मी आवरणात चरफडत होते. अहो, मला त्या पोरीच्या हातात जायचं होतं! मला कुणी विचारलं?

खंडेनवमीला तर कहरच. विळा, कोयता, पाना, टोकदार पहार यांच्या रांगेत आम्हा दोघींना बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. बाकीची हत्यारं वर्षभर राबून त्या एका दिवशी सुट्टी घेतात. मी वर्षभर सुट्टीवर असून पूजा घेतली. कोयत्याच्या शेजारी मला मान वर करवेना.

निळीची वेगळी कथा. तिला आबा रोज कारखान्याच्या कॉलनीतल्या बंद गोदामाच्या भिंतीशी घेऊन जायचे. भिंतीवर कमरेच्या उंचीला गेरूची रेघ, तीच जाळी. टक, टक, टक. परतल्यावर निळी माझ्या शेजारी पडायची तेव्हा तिच्या अंगाला उन्हाचा वास असायचा. मला तिचा हेवा वाटायचा आणि तिला माझी कीव यायची. एकाच खोक्यातल्या आम्ही, पण बोलणं हळूहळू कमीच झालं.

गेल्या दिवाळीनंतर मॅडम एक फॉर्म घेऊन आल्या. जानेवारीत बारामतीला स्पर्धा होती, पंचावन्नच्या पुढच्यांसाठी मिश्र दुहेरी. आबांनी कुशाबाईंना न विचारताच दोघांची नावं लिहिली. मग फोन केला. पलीकडून एवढंच आलं, "बघती. पोरीला ठेवायची सोय झाली तर येती."

त्या 'बघती'वर आबांनी अडीच महिने काढले. तंबाखू सोडली. पहाटे निरेच्या कालव्याच्या कडेने चालायला लागले. गुडघ्यांना तेल चोळायचे, दोरीवरच्या उड्या मारताना धोतर सोडून ऋषिराजची जुनी पँट घालायचे. शेजारचा शंभूराज म्हणाला, "आबा, वलंपिकला निघाला का काय?" आबा म्हणाले, "बारामतीला. जोडीनं."

त्यांना कप नको होता. मला माहीत आहे, मी त्यांचं पुटपुटणं ऐकलंय. ती आली पाहिजे आणि एक दिवस तरी माझ्या बाजूला उभी राहिली पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

सरावासाठी त्यांनी एक युक्ती काढली. शाळेच्या पटांगणावर डाव्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची ठेवायची, खुर्चीवर मला उभं करायचं, आवरणासकट. मी म्हणजे कुशाबाई. पलीकडून मॅडम किंवा शाळेतलं कुणी चेंडू टाकायचं. उजवीकडचा चेंडू आबा घ्यायचे. डावीकडचा यायचा माझ्याकडे. मी काय करणार, खुर्चीवर ठेवलेली बॅट? मग आबा धावत यायचे आणि तोही घ्यायचे. रोज पन्नास-साठ चेंडू माझ्या नाकासमोरून ते उचलून नेत. मॅडम ओरडायच्या, "आबा, तो त्यांचा!" आबा म्हणायचे, "ती आली की सोडीन."

स्पर्धेच्या आठ दिवस आधी आबांच्या उसाची तोड आली. तोडणी मजुरांची टोळी दोन दिवसांत रान मोकळं करून गेली. आबा सुटल्यासारखे बसले. नाहीतर इथं कारखान्याकडून तोडीची चिठ्ठी आली की लग्नाची तारीखसुद्धा मागे पडते. आता फक्त पुण्याकडून 'येती' यायचं राहिलं होतं. ते आदल्या दुपारी आलं. आबांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला, पलीकडून बंद झाल्यावरही.

स्पर्धेच्या सकाळी त्यांनी मला कापडी पिशवीत घातलं. उसाच्या ट्रॉल्यांमागून एस.टी. रेंगाळत होती आणि पिशवीवर त्यांचा हात होता. दोन वर्षांनी मला तो लसणाचा हात मिळणार होता. मी बॅट असून माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं.

क्रीडासंकुलाच्या दारात ऋषिराजची गाडी थांबली. कुशाबाई उतरल्या. पायांत पांढरे बूट, केस जरा जास्त पांढरे. आबा पिशवीत हात घालून मला काढू लागले, तोवर कुशाबाईंनी खांद्याची सॅक उघडून एक नवी, हिरव्या मुठीची बॅट बाहेर काढली होती.

आबांचा हात मला धरून तसाच पुढे राहिला.

"अगोबाई," त्या म्हणाल्या, "ही अजून हाय? मला वाटलं कवाच कुणाला तरी दिली असंल तुमी."

"तूच म्हणाली हुतीस, कुणाला देऊ नका."

"कवा?"

त्यांना आठवतच नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. सव्वा महिन्याचं बोलणं कोण दोन वर्षं लक्षात ठेवील? सोसायटीतल्या बायकांबरोबर त्या दुपारी खेळत होत्या, सगळ्यांनी एकत्र बॅटी घेतल्या होत्या, असं त्या ओशाळून सांगत राहिल्या. आबा "बरं केलंस, बरं केलंस" म्हणत राहिले. मला परत पिशवीत घातलं आणि पिशवी बाकावर ठेवली. तोंड उघडं राहिलं म्हणून मला पुढचं दिसलं.

पहिला गेम चार-अकराने गेला, आणि घालवला आबांनी. डावीकडे चेंडू आला की हे धावले, कुशाबाईंच्या पुढ्यातून चेंडू ओढला, आणि उजवी बाजू रिकामी. तीनदा दोघांची टक्कर झाली. समोरचं जोडपं इंदापूरचं, शांत डोक्याचं, रिकाम्या जागेत चेंडू टाकत गेलं. शेवटी कुशाबाई खेळ थांबवून त्यांच्याकडे वळल्या.

"अहो, माझा बॉल मला खेळू द्या की. मी हाय हितं."

हवा गेलेल्या फुग्यासारखे आबांचे खांदे खाली आले. मग मान हलवून ते आपल्या बाजूला गेले आणि तिथंच राहिले. डावीकडे चेंडू गेला की त्यांचा पाय उचलायचा आणि ते तो परत ठेवायचे. कुशाबाई चेंडू जाळीपलीकडे ठेवत होत्या, अगदी तशाच. फक्त हातात मी नव्हते. दुसरा गेम अकरा-आठने जिंकला, तिसरा नऊ-अकराने गेला. स्पर्धा संपली.

मग दोघं सावलीत पायरीवर बसले. कुशाबाईंनी डबा उघडला.

"वाळलाय किती," त्या म्हणाल्या. "रोज कुणासंगं खेळत हुता?"

"भिंतीसंगं."

त्या घास हातात घेऊन थांबल्या. आबा खाली बघून म्हणाले, "लई एकटं वाटतं गं." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण ते म्हणून ते स्वतःच घाबरल्यासारखे झाले.

"मंग म्हणायचं न्हाय व्हय?" कुशाबाई म्हणाल्या. "मला तरी तितं कुठं करमतंय? मला वाटलं, तुमाला शेत आन् गाव पुरतं. मला आत्ता यायचं हुणार न्हाय. पोरगी शाळंत जाईस्तवर तरी न्हाय. पण तुमी चला की."

"उसाच्या खोडव्याला पाणी?"

"शंभूराज दील."

आबांनी आणखी दोन सबबी शोधल्या. कुशाबाईंनी दोन्ही भाजीबरोबर खाऊन टाकल्या. दुपारी गाडी सोमेश्वरनगरला आली. आबांनी चार सदरे भरले, रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, आणि निळीला सॅकमध्ये घातलं. मला हातात घेऊन ते क्षणभर उभे राहिले. बाहेरून हॉर्न वाजला. त्यांनी मला इथं वर ठेवलं, नीट, आडवी, आणि वरून स्वेटर ठेवले, धूळ बसू नये म्हणून. मग कुलपाचा आवाज आला.

याला आता तीन महिने झाले. शंभूराज येतो तो ओसरीवरचा पाण्याच्या मोटारीचा खटका दाबायला, आत येत नाही. त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून कळतं की आबा तिकडे रमलेत, संध्याकाळी दोघं नातीला बाबागाडीत बसवून खेळायला नेतात. मी खूश आहे, खोटं कशाला बोलू? त्या माणसाचा एकटेपणा मी फार जवळून पाहिलाय.

पण माझंही ऐका. माझी मूठ चिकट व्हायला लागलीय. न वापरता ठेवलं की आमची मूठ अशी आतून सुटत जाते. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात तर शंभूराजला सांगा, किल्ली त्याच्याकडेच आहे. मला श्रेया मॅडमना द्या. नाहीतर शाळेतल्या कुठल्याही पोराला द्या, चेंडू न लागता नुसती हवेत फिरवली तरी चालेल. कुणासाठी राखून मात्र ठेवू नका.

इथं कुणी मला विसरलं, असंही नाही. मला विसरावं असं कुणाच्या मनात नव्हतं. जोडीला दोनच बॅटी लागतात, आणि त्या दोन्ही आता पुण्यात आहेत.