एका पेशीच्या जाडीची भिंत

मी एक जुनी भिंत आहे. जुनी म्हणते खरी, पण मित्रांनो, माझ्या बहुतेक विटा आठवडाभरही टिकत नाहीत, रोज नव्या येतात. पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाच्या आतड्याचं मी अस्तर. माझी जाडी अवघी एका पेशीची. एका अंगाला कोट्यवधी जंतू नांदतात, दुसऱ्या अंगाला रक्त वाहतं. अन्नाचा रस आत घ्यायचा आणि जंतूंना दाराशीच थोपवायचं, हे माझं काम. एखादा चुकार निसटलाच, तर माझ्याकडचं रक्त आधी यकृताकडे जातं आणि यकृत त्याचा समाचार घेतं. असा शेजार मिळायला भाग्य लागतं.

इतकी वर्षं आमची कोणी दखल घेतली नाही. मग यकृतात गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेत अर्ध्याहून अधिक यकृत काढलं. रक्त फार वाहू नये म्हणून सर्जन यकृताकडे जाणारी रक्ताची वाट मधूनमधून चिमट्यात धरत होते. तेवढा वेळ माझं रक्त माझ्यातच तुंबलं. मी सुजले, माझ्या विटांमधले सांधे सैल झाले. आणि नेमका तेव्हाच शेजारी निम्माही उरला नव्हता.

मला सावरायला पोटात अन्न हवं होतं, कारण मी बरीचशी त्यावरच पोसते. डॉक्टरबाईंनी दुसऱ्याच दिवशी सूप सुरू करायला सांगितलं. पण उशाशी बसली होती माझ्या मालकाची थोरली ताई. ताज्या टाक्यांवर भार नको, म्हणून ती वाटी बेसिनमध्ये ओतायची आणि भाऊ प्यायला असं सांगायची. स्वतःही धड काही खात नव्हती. तिच्या मायेपुढे मी काय बोलणार? मी विरत गेले, जंतू निसटू लागले, मालकाला ताप चढला. मला फार भीती वाटली.

डॉक्टरबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा ताईने खरं सांगून टाकलं. "कापलेल्या पोटाला आराम नको का?"

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "ताई, आतडं उपाशी राहिलं की त्याचं अस्तर झिजतं. औषध मी देते. घास तुम्ही भरवा."

ताईने चमचा उचलला. औषधाने जंतू आवरले, अन्नाने माझ्या नव्या पेशी उभ्या राहिल्या. आणि शेजारी? पुढच्या काही महिन्यांत तो वाढून जवळजवळ पूर्वीएवढा झाला. जन्मभर शेजारी राहूनही त्याची ही करामत मला ठाऊक नव्हती. मी थक्क होऊन बघत राहिले.

पण मनात राहिली ती ताप उतरल्याची सकाळ. चमचा पुढे करणारा ताईचा हात मालकाने धरला. "आता तू खा," तो म्हणाला.

मित्रांनो, आजाऱ्याची काळजी जरूर घ्या, पण डॉक्टरांना विचारून घ्या. आणि काळजी घेणाऱ्यालाही जेवायला बसवा. ताई रडत रडत जेवली. तिच्याही पोटात माझ्यासारखीच एक भिंत होती, आणि इतक्या दिवसांत तिची चौकशी कोणीच केली नव्हती.