ठकीची नखं

धुरपदाबाईंना लकवा मारला त्याला अकरा महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोंडात एकच शब्द उरला, मांजरीचं नाव. ‘ठके’ अशी हाक आली की मांजर पलंगावर यायची आणि म्हातारीची डावी बोटं तिच्या पाठीवरून फिरायची.

मुलगा रोहिदास रांजणगावला कंपनीत गेला की तळेगावच्या घरात सून सारिका आणि सासू दोघीच उरत. सारिका एकदा नवऱ्याला म्हणाली, “अकरा महिनं गू-मूत मी काढतीया, आन् नाव मातर मांजरीचं.”

“तू बी म्याव करून बघ,” तो म्हणाला. ती हसली नाही.

पडून पडून सासूच्या पाठीला जखम झाली तेव्हा हवेची गादी आणली. पंपावर तिचे कप्पे आळीपाळीनं फुगायचे. ठकी पायथ्याशी झोपायची, उठली की अंग ताणायची आणि गादीवरच नखं घासायची. पंपाची नळी तिनं दोनदा चावून फोडली. सारिकानं लिंबाच्या साली पसरल्या, नळीला कडुनिंबाचं तेल चोळलं, ओसरीच्या खांबाला गोणपाट गुंडाळलं. ठकीनं खांबाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. केरसुणीनं हाणलं, तर ती सारिकाच्या माघारी ओरबाडू लागली. गादीला तीन ठिगळं लागली. चौथ्यांदा सारिका गाईच्या घासाला रानात गेली असताना गादी बसली आणि जखम पुन्हा उघडली.

ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी स्पष्ट सांगितलं, जखम आता हाडापर्यंत जाईल. घरात गादी राहील किंवा मांजर.

पोत्यात ठकीला सारिकानंच घातलं. रोहिदासच्या हाताला ती लागत नव्हती, सारिकानं बोलावल्यावर आली. सुट्टीच्या दिवशी त्यानं पोतं गाडीवर बांधून भीमा ओलांडली आणि दौंडच्या बाजूला, पारगावच्या पुढं तिला सोडलं.

म्हातारी चार दिवस हाका मारत होती. सारिका दर वेळी सांगायची, येतीया. पाचव्या दिवशी हाक आली नाही.

पुढच्या आठवड्यात गाईचे डॉक्टर आले. गाय तपासून झाल्यावर सारिकानं सहज मांजरीचं विचारलं. ते हात धुता धुता म्हणाले, मांजर झोपून उठल्या जागीच नखं घासतं. खांब ओसरीत काय कामाचा? पलंगाच्या पायथ्याशी सुंभ गुंडाळलेला खुंट घट्ट रोवायचा, नखांची टोकं कापायची, पंपाची नळी जाड पाइपात घालायची.

“मारून काय व्हतंय? ते तुमच्या माघारी करनार. अर्ध्या तासाचं काम हाय, वैनी.”

सारिका दोन दिवस जीपनं पारगावला गेली. हॉटेलांत, गोठ्यांत मोबाइलमधला फोटो दाखवत फिरली. एका बाईनं दुसरं पिल्लू देऊ केलं. ते तिनं घेतलं नाही.

गादी आता बसत नाही. सिस्टर म्हणतात, जखम छान भरतेय, सांभाळलंत तुम्ही. सारिका पेज घेऊन पलंगाशी बसते आणि स्वतःच म्हणते, “ठके. म्हना आत्याबाई, ठके.”

धुरपदाबाई भिंतीकडं बघत राहतात. ओठ हलत नाहीत. पेज वाटीत गार होते.