पांढरी नव्हती

समुद्री गोगलगाय अल्कोहोलमध्ये टाकली की दोन दिवसांत तिचा रंग उतरतो. उरतो तो उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा एक गोळा. हे मला माहीत होतं, म्हणून त्या रविवारी ओहोटीला दगडाखाली सापडलेली गोगलगाय मी लगेच बरणीत टाकली नाही. मी काम करत होते ते संग्रहालय बंद होतं. समुद्राच्या पाण्यासकट तिला डब्यात घालून घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या बशीत ठेवलं.

लांबी एकोणीस मिलिमीटर. पाठीवर कवच नाही, डोक्यावर दोन शिंगं, मागच्या टोकाला श्वास घ्यायच्या सात पिसांचा झुबका. अशी गोगलगाय मी कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती, आणि पुस्तकं मी बरीच पाहिली होती.

आई रंगाच्या दुकानात रंग मिसळून द्यायचं काम करते. लोक भिंतीचा पोपडा घेऊन येतात आणि ती नुसतं बघून तसाच रंग तयार करते. दुकानात त्यासाठी यंत्र आहे, पण यंत्राचं चुकलं की आईला हाक मारतात. तिने बशी उचलून खिडकीशी नेली आणि बराच वेळ पाहिलं.

"हिला नुसती पिवळी लिहू नकोस. पांढऱ्यात चार थेंब पिवळा आणि अर्धा थेंब काळा. काळा विसरलीस तर लिंबू होईल. आणि ही कड जांभळी दिसते खरी, पण तांबडा जास्त आहे तिच्यात."

मग तिने पिशवीतून छोट्या बाटल्या काढल्या, एका कार्डावर दोन्ही रंग लावले, वाळल्यावर बशीशेजारी धरून ताडून पाहिले आणि पुन्हा एक थेंब घातला. खाली तारीख, वेळ आणि थेंबांचं प्रमाण लिहिलं. मी काढलेले फोटो ट्यूबलाइटमुळे हिरवट आले होते. ते मी पुसून टाकले. संध्याकाळी गोगलगाय हळूहळू गार पाण्यात नेली. तशीच अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आखडून बोराएवढी होते. ती सैल पडली तेव्हा बरणीत घातली. मंगळवारपर्यंत ती पांढरी झाली होती.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरच्या एका समुद्री गोगलगाईचं वर्णन केलं होतं. पांढऱ्या. तिचं चित्र त्यांच्या खुर्चीमागे चौकटीत आहे. त्यांनी माझी बरणी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "ही तर माझीच."

मी रंगाचं सांगितलं. रंगावर जाती ठरत नाहीत, दातांवर ठरतात, असं ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. या प्राण्यांच्या तोंडात किसणीसारखी दातांची पट्टी असते. एका ओळीत मधल्या दाताच्या एका बाजूला किती दात, हे मोजतात. माझ्या गोगलगाईला चौदा होते. सरांच्या वर्णनात 'चौदा ते बावीस' छापलेलं होतं. चौदा त्यात बसत होते.

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं.

"दुकानातली बाई आता प्राण्यांची साक्ष देणार?"

"तिने पाहिलंय, सर," मी म्हणाले.

ते चिडले नाहीत. ते चिडणाऱ्यातले नाहीत. आपण दोघांच्या नावाने छोटंसं टिपण छापू, जुनी जात, नवी नोंद, असं ते म्हणाले. माझी नेमणूक वर्षाची होती आणि तीन महिन्यांनी संपत होती. वाढीचा अर्ज त्यांच्या टेबलावरच होता. तेही करून टाकू, असं म्हणून त्यांनी त्यावर काचेचं वजन ठेवलं.

विभागात मला गोगलगाय म्हणतात. कमी बोलते म्हणून. मी बरणी उचलली आणि खाली तळघरात गेले.

तळघरातल्या सगळ्या बरण्यांची राखण भांडारपाल करतात. त्यांना बरणीकाका म्हणतात. सरांनी मोजलेल्या दातांच्या स्लाइड अजून आहेत का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अस्सं. गोगलगाय आणि पोटात पाय," म्हणाले, आणि किल्ल्या घेऊन उठले.

खणात सात स्लाइड होत्या, सात गोगलगाईंच्या. प्रत्येकीवर सरांच्या तरुणपणच्या बारीक अक्षरात क्रमांक. मी मायक्रोस्कोपखाली मोजायला सुरुवात केली आणि दोन दिवस मोजत राहिले. बावीस. बावीस. चौदा. एकवीस. चौदा. बावीस. चौदा.

पंधरा ते वीसमध्ये एकही नाही.

एखाद्या घरातल्या माणसांचं वय चार ते साठ आहे असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, सगळ्या वयाची माणसं असतील. घरात मात्र फक्त आजोबा आणि नातू असतात. सरांचं 'चौदा ते बावीस' तसं होतं. एकाच बरणीत दोन जाती होत्या, आणि त्यांनी त्यांची एकच करून टाकली होती. मूळ नमुना, म्हणजे ज्या एका प्राण्यावर नाव कायमचं टांगलेलं असतं तो, बावीस दातांचा होता. तेव्हा सरांची जात खरीच होती. पण चौदा दातांच्या तिघी तिच्यातल्या नव्हत्या. त्या माझ्या गोगलगाईच्या बहिणी होत्या, एकतीस वर्षं दुसऱ्याच घरी राहिलेल्या.

खणाच्या तळाशी एक चिठ्ठी होती. 'पाणबुड्याने आणून दिल्या. अल्कोहोलमध्येच.'

मी वर गेले. कागद टेबलावर ठेवला, सात आकडे ओळीने. सरांनी ते वाचले. मी विचारलं.

"सर, तुम्ही त्या जिवंत पाहिल्या होत्या?"

बाहेर कुणीतरी पायरीवर सायकल आपटली. सर म्हणाले की त्या काळी सगळे असंच काम करत. पाण्यात उतरायला माणसं वेगळी आणि टेबलावर बसायला वेगळी. पांढरी म्हणून त्यांनी लिहिली, कारण बरणीत ती पांढरी होती. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

आठवड्याने मी मसुदा नेऊन दिला. नवी जात, तिचे दात, तिचे रंग, कार्डाची प्रत. त्यांनी तो पूर्ण वाचला, एक-दोन ठिकाणी मोजमापं नीट केली, आणि त्या सुधारणा खरंच चांगल्या होत्या. मग एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. 'आधीच्या वर्णनातील सातपैकी तीन नमुने या नव्या जातीचे असून ते वर्णन दोन जातींच्या सरमिसळीतून झालेले आहे.'

ही ओळ काढ, ते म्हणाले. बाकी सगळं राहू दे, नवी जात तुझीच. लेखासोबत पाठवायचं शिफारसपत्र आणि वाढीचा अर्ज, दोन्हींवर आजच सही करतो.

खरं सांगायचं तर मी रात्रभर विचार करते म्हणून सांगितलं. ओळ एकच होती. दुसऱ्या दिवशी कुणी मला विचारलंही नसतं.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. ती नखांत अडकलेला रंग काढत होती.

"गिऱ्हाईक म्हणतं म्हणून मी डब्यावर चुकीचा नंबर टाकत नाही," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी तोच माणूस त्याच नंबरचा दुसरा डबा नेतो, आणि भिंत दोन रंगांची होते. मग शिव्या मला. आणि नोकरी गेली तर जाऊ दे, तू काय बशीतली गोगलगाय आहेस का पाण्याबाहेर मरायला?"

सकाळी मी सरांना सांगितलं, "ती ओळ काढली तर 'चौदा ते बावीस' तसंच राहतं. पुढचा कुणी चौदा मोजेल आणि म्हणेल, ही तर सरांचीच. माझी गोगलगाय परत तुमच्या बरणीत जाईल."

"मग पत्रावर माझी सही नाही."

"नको."

आता अडचण वेगळीच होती. नव्या जातीचा मूळ नमुना कुठे ठेवलाय, त्याचा क्रमांक काय, हे छापल्याशिवाय कुठलंही नियतकालिक लेख घेत नाही, आणि क्रमांक संग्रहालयाने द्यायचा असतो. त्यालाही सरांची परवानगी लागेल असं मला वाटत होतं. मी तळघरात जाऊन बसले. बरणीकाकांनी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक पिवळा पडलेला कागद दाखवला. नमुन्याचा क्रमांक फक्त भांडारपाल देईल, कुठल्याही विभागप्रमुखाची परवानगी लागणार नाही. खाली सरांचीच सही होती. बावीस वर्षांपूर्वी पक्ष्यांच्या विभागातले साहेब त्यांचे क्रमांक अडवून धरायचे, तेव्हा भांडून त्यांनी हा नियम करून घेतला होता.

"चांगला नियम आहे," काका म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

लेख गेला. नाव आईवरून ठेवू का म्हटलं तर ती उसळली. लोक म्हणतील बाईची गोगलगाय केली. शेवटी लॅटिनमध्ये 'रंग मिसळणारी' असा अर्थ होईल तो शब्द मी घेतला. म्हणजे धंद्याचं नाव, तिने विचार करून सांगितलं, मग चालेल. माझ्या नेमणुकीच्या शेवटच्या आठवड्यात स्वीकृतीचं पत्र आलं. एका परीक्षकाने लिहिलं होतं, ती ओळ कडक आहे पण तशीच ठेवा. वाढीच्या अर्जावरचं काचेचं वजन तिथेच होतं.

शेवटच्या दिवशी मी बरणीत घालायची चिठ्ठी लिहायला तळघरात बसले. ती शिसपेन्सिलीनेच लिहितात, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. काकांनी टोक करून दिलं. काल सर खाली आले होते, त्यांनी सांगितलं. खण मागितला, दार लावून दोन तास बसले.

तेवढ्यात सरच दारात आले. हातात माझ्या किल्ल्यांची पावती होती.

"मोजले का, सर?" मी विचारलं.

"चौदाच भरतात," ते म्हणाले. "पण पट्टी दुमडलेली असू शकते. दुमडली की दात कमी दिसतात."

"मी तिन्ही स्लाइड उलटून पाहिल्या. दुमडलेल्या नाहीत."

त्यांनी पावती पुढे केली. मी सही केली, किल्ल्या दिल्या आणि चिठ्ठी पूर्ण केली. क्रमांक, जागा, तारीख, दात चौदा. जागा उरली होती. तिथे मी लिहिलं, 'जिवंतपणी: पांढऱ्यात चार थेंब पिवळा, अर्धा थेंब काळा. दोघींनी पाहिलं.' मग चिमट्याने चिठ्ठी आत सोडली, सरांच्या देखत, आणि झाकण घट्ट फिरवलं.